नाव न घेता टाकलेला दाणा

१

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी भावनाच्या हातून चूक झाली. म्हटलं तर चूक, म्हटलं तर काहीच नाही. पण सासूबाई असत्या तर त्यांनी तिथल्या तिथे तिचं मनगट धरलं असतं.

बदलापूर पूर्वेला, सातव्या मजल्यावरचं घर. स्वयंपाकघराच्या भिंतीला जिवतीचा कागद चिकटवलेला, त्यावर आघाडा-दूर्वांची माळ नि कापसाचं वस्त्र, खाली पाटावर समई, वाटीत चणे-फुटाणे. नवरा राजेंद्र अंबरनाथच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला, लेक तेजल तिच्या कामावर. दुपारी बाराला पूजा, साडेबाराला हातात अक्षता धरून कहाणी, मग जेवण. चोवीस वर्षांचा नेम. तेजलच्या वयाएवढाच.

शेजारची किर्ती दर श्रावणात विचारायची, "काय गं भावना, जिवती म्हणजे मुलग्यांच्या आयांची. तुझी एकच पोरगी, तीपण खांबावर चढते. एवढं सगळं कुणासाठी?"

"खांबावर चढते म्हणूनच," भावना म्हणायची आणि तिच्या हातावर फुटाणे ठेवायची.

तेजल खांबावर चढायची हे खरं. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाली आणि बारवी धरणाच्या बाजूच्या डोंगरावर उभ्या राहिलेल्या तीन पवनचक्क्यांवर कामाला लागली. लोक त्यांना डोंगरावरचे पंखे म्हणत. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. भावनाच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून तिन्ही दिसत. कणीक मळताना ती त्यांच्याकडे बघत राही, लेक अंगणात खेळत असल्यासारखी.

यंदा घरात एक जागा रिकामी होती. सासूबाई, गोदूबाई, मार्गशीर्षात गेल्या. कहाणी भावना सांगायची आणि समोर बसून हुंकार त्या द्यायच्या. "हुंकाराशिवाय कहाणी पोचत नाही गं," म्हणायच्या. "सांगणारीचं अर्धं पुण्य ऐकणारीचं."

त्यांच्या घरातली कहाणी पुस्तकातली नव्हती. गोदूबाईंनी वांगणीच्या माहेराहून आणलेली. एका बाईचं लेकरू डोंगरात हरवतं. बाई जिवतीपुढे बसते, मूठभर तांदूळ चार दिशांना टाकते आणि म्हणते, माझं लेकरू जिथं असेल तिथं खुशाल असो, चालत घरी येवो. दाणे वाऱ्यावर जातात, लेकराला शोधतात. शेवटी लेकरू उंबरा ओलांडून घरात येतं आणि कहाणी सुफळ होते. सांगणारीनेही मधे चार दिशांना अक्षता टाकायच्या. मात्र गोदूबाईंचा एक दंडक होता: आधी लेकराचं नाव घ्यायचं, मग दाणा सोडायचा. "पत्ता न लिहिता पत्र टाकतेस का? कुणाच्याही हातात पडेल."

त्या शुक्रवारी नेमकं त्याच वेळी दूध उतू गेलं. भावना अर्धवट उठली, एका हाताने गॅस बंद केला, दुसऱ्या हातातल्या अक्षता खिडकीतून डोंगराच्या दिशेने टाकल्या आणि घाईघाईत म्हणाली, "माझं लेकरू जिथं असेल तिथं खुशाल असो, चालत घरी येवो."

तेजलचं नाव घ्यायचं राहिलं.

आठवलं तेव्हा तिने खिडकीबाहेर बघितलं. वारा एवढा होता की समोरच्या गच्चीवरची ताडपत्री फडाफडा आपटत होती. एक नंबर आणि तीन नंबर जोरात फिरत होते. मधला, दोन नंबर, उभा होता. अगदी स्तब्ध, तीन पाती पसरून.

तिने कहाणी पुरी केली. लेकरू घरात आलं, सुफळ झालं, हात जोडले. वर बघितलं तर दोन नंबर फिरायला लागला होता.

२

"वारा असून बंद?" तेजल संध्याकाळी पोहे खात म्हणाली. हेल्मेटने केस चपटे झालेले, मानेला ग्रीसचा डाग. "असतं गं आई. तीन कारणं असतात. वारा फारच झाला तर आपोआप थांबतो, नाहीतर पाती तुटतील. दुसरं, पुढच्या लायनीत वीज घ्यायला जागा नसली की फोन येतो, बंद करा. आणि तिसरं, आत माणूस असला की."

"आज कुठलं होतं?"

"आज तसं... कुठलंच नव्हतं. अनीश सर उल्हासनगरच्या ऑफिसातून कॉम्प्युटरवर बघत असतात ना, ते मलाच ओरडले. 'तूने बंद किया क्या?' मी म्हटलं, सर, मी तीन नंबरवर आहे."

"किती वेळ होता बंद?"

"साडेबारा ते पाऊण. का गं?"

भावना दाराबाहेर काढलेल्या रांगोळीचा विचार करत होती. सकाळी काढलेली गोपद्मं, दुपारी बघितली तर बाहेरच्या बाजूचं एक पुसलेलं. मांजर असेल. या मजल्यावर मांजर नव्हतं, पण येत असेल एखादं जिन्याने. सात मजले चढून.

३

दुसऱ्या शुक्रवारी तिने सगळं नीट केलं. दूध आधीच तापवून ठेवलं. फोन बाजूला ठेवला. नाव घेतलं, चारदा घेतलं, दिशेगणिक एकदा. "तेजल राजेंद्र, तेजल राजेंद्र." तिचं तिलाच हसू आलं, शाळेत हजेरी घेतल्यासारखं.

ओट्याच्या वर, भिंतीतल्या गोल भोकात एक्झॉस्टचा पंखा होता. बटण बंद असलं तरी पावसाळ्यात तो फिरायचा, डोंगराकडचा वारा थेट त्याच्यावर यायचा. कट-कट-कट असा आवाज करत राहायचा. घरातल्यांना तो ऐकूच येत नसे, इतका सवयीचा.

भावनाने अक्षता मुठीत घेतल्या. "एक होती बाई," तिने सुरुवात केली, आणि तो आवाज थांबला.

तिने वर बघितलं. पाती उभी होती. फटींमधून वारा येत होता, समईची ज्योत झुकत होती, जिवतीचा कागद भिंतीवर सळसळत होता. पंखा मात्र हलत नव्हता.

गंजला असेल, तिने मनाशी म्हटलं. तेलकटपणा धरला असेल.

"तिचं एक लेकरू होतं."

"हूं."

आवाज लहान होता. बाईचा नव्हे, पुरुषाचा नव्हे, लहान पोराचाही म्हणता येणार नाही. रिकाम्या घागरीत कुणी तोंड घालून हुंकार द्यावा तसा. तो पंख्याच्या भोकातून आला होता आणि भोकाच्या पलीकडे सात मजल्यांची पोकळी होती.

भावनाच्या मुठीत अक्षता ओल्या झाल्या. उठावंसं वाटलं. पण कहाणी अर्ध्यावर टाकून उठायचं नसतं, एवढं एकच तिला त्या घडीला आठवलं. ती पुढे सांगत गेली. प्रत्येक वाक्याला हुंकार येत होता, अगदी जागच्या जागी. गोदूबाईंना शेवटी शेवटी डुलकी यायची तशी एकदाही चूक नाही.

"आणि लेकरू उंबरा ओलांडून घरात आलं," ती म्हणाली.

हुंकार आला नाही. पंखा एकदम सुटला, कट-कट-कट. दाराबाहेर बघितलं तर गोपद्मांची अर्धी ओळ पुसलेली. आणि उंबऱ्यावर, आतल्या बाजूला, अक्षतेचा एक पिवळा दाणा.

४

रविवारी राजेंद्रने स्टुलावर चढून पंखा खोलला. "पाल असेल. पाल चुकचुकते तशी कधीकधी वेगळीच ओरडते."

"पालीने पंखा कसा थांबेल हो?"

"तू व्रताला उपाशी असतेस, भावना. चक्कर येत असेल." त्याने जाळी काढून तिच्या हातात दिली आणि एक पातं उजेडाकडे वळवलं. "हे तू पुसलंस?"

पात्यांवर चार वर्षांची काजळी आणि फोडणीचा चिकट थर होता. एका पात्याच्या कडेला तो थर चार ठिकाणी निघालेला. चार लहान, लांबट जागा, एकाशेजारी एक. मागच्या बाजूला पाचवी. कुणी बाहेरून कड धरली तर बोटं बसतील तिथे.

"नाही," भावना म्हणाली.

"मग खोलताना माझीच बोटं लागली असतील." त्याने आपली बोटं त्या खुणांवर ठेवून बघितली नाहीत. फडक्याने सगळं पातं पुसून टाकलं.

त्या रात्री जेवताना तेजलनेच विषय काढला. "शुक्रवारी परत थांबला दोन नंबर. साडेबाराला. आणि सुरू कसा झाला माहितेय? साधारण पंखा हळू सुटतो, एक फेरी, दोन फेऱ्या, मग वेग घेतो. हा धाडकन सुटला. कुणीतरी धरून ठेवलं होतं आणि एकदम हात काढून घेतला असं. खाली करण होता, तो म्हणतो जमीन हलली." करण तिचा जोडीदार, वांगणीकडचा. "आत कुणी असतं ना आई, तर चटणी झाली असती."

भावनाने मग सांगितलं. नाव न घेता टाकलेला दाणा, हुंकार, रांगोळी, सगळं. तेजल घास हातात धरून ऐकत होती. हसली नाही, हे विशेष.

"म्हणजे तुझी कहाणी ऐकायला तो पंखा धरून बसतो?"

"फिरता पंखा ऐकू देत नसेल."

"भारीच आहे," तेजल म्हणाली आणि तिच्या अंगावर शहारा आलेला भावनाला दिसला. "मग नको सांगू."

५

तिसऱ्या शुक्रवारी भावनाने पूजा केली, वस्त्र वाहिलं, नैवेद्य दाखवला. कहाणी सांगितली नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

साडेबाराला एक्झॉस्ट थांबला. ती ओट्याशी पाठ करून भाजी निवडत बसली. घरात एवढी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. पाच मिनिटांनी मागून आवाज आला.

"हूं?"

या वेळी त्यात विचारणं होतं.

तिने माठाची पानं खुडली. देठ वेगळे केले. देठांचेही तुकडे केले.

"हूं?"

तीन वाजता, चार वाजता. राजेंद्र आला तेव्हा हुंकार थांबला, तो आंघोळीला गेला की पुन्हा. डोंगरावर दोन नंबर उभाच होता. ढग त्याच्या पात्यांना घासून पळत होते, शेजारचे दोन्ही गरगरत होते आणि तो कान देऊन बसल्यासारखा. तिन्हीसांजेला तिने देवापाशी दिवा लावला तेव्हा कुठे तो सुटला.

तेजल साडेआठला घरी आली ती हातात कागद घेऊन. "मेमो. अनीश सर म्हणतात, दिवसभर मशीन बंद आणि तुला कारण सापडत नाही, तर तू करतेस काय? पुढच्या शुक्रवारी दुपारी दोनला मी दोन नंबरच्या हबमध्ये जाणार. आतून सगळं तपासायचं."

हब म्हणजे तिन्ही पाती जिथे जुळतात तो पोकळ गड्डा. माणूस वाकून आत जाऊ शकतो. भावनाने एकदा फोनवर फोटो बघितला होता, तेव्हापासून ती त्याला पंख्याचं नाक म्हणायची.

"नाही जायचंस."

"आई, जाण्याआधी पिन घालतात. माझ्या मनगटाएवढी लोखंडी पिन. ती गेली की हत्तीने ढकललं तरी चाक हलत नाही."

"त्याने धरलेलं चाक आहे ते."

"मग त्याला सांग सोडू नको म्हणून," तेजल म्हणाली आणि या वेळी हसली. "नोकरी सोडू का मी? किर्तीकाकूंना किती आनंद होईल. 'सांगितलं होतं, पोरीचं काम नाही.'"

भावनाच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. मेमो बघून नव्हे, ते "हूं?" आठवून. आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या जिवतीसमोर, आपल्याच मूठभर तांदळांच्या जोरावर कुणीतरी जाब विचारत होतं. नेम माझा आहे, तिने मनाशी म्हटलं. माझ्या नेमात मी कुणाला घाबरणार नाही.

६

चौथ्या शुक्रवारी तिने कहाणी सांगायचीच असं ठरवलं. तेजल दोनला वर जाणार. साडेबाराला कहाणी सुरू करायची, पाऊणला सुफळ, पंखा सुटेल, निदान आजच्यापुरता मोकळा होईल. मग लेक पिन घालून खुशाल आत जाऊ दे. न सांगण्याने तो अडून बसतो, हे तिने बघितलं होतं.

एक्झॉस्ट थांबला. ती पाटासमोर बसली. "एक होती बाई."

"हूं."

"तिचं एक लेकरू होतं."

"हूं." जवळून. भोकाच्या पलीकडून नव्हे, अगदी तोंडाशी.

तिने नाव घेऊन दाणे टाकले. लेकरू डोंगर उतरायला लागलं. ओढा आला, ओढ्याने वाट दिली. जांभूळ आलं, जांभळाने सावली दिली. लेकरू गावात शिरलं, आळीत शिरलं. आता दोनच वाक्यं उरली होती. तेवढ्यात जमिनीवर ठेवलेला फोन थरथरला. करण.

कहाणीत फोन घ्यायचा नसतो. तिने घेतला.

"काकू, करण बोलतोय." तो धापा टाकत होता. मागे वाऱ्याचा आवाज एवढा की शब्द तुटत होते. "काकू, तुम्ही आत्ता काय सांगताय का? गोष्ट वगैरे?"

"तुला कसं कळलं?"

"मला नाय, तेजलला. ती हबमध्ये हाय. मशीन आज अकरालाच बंद पडली, तर सर बोलले, दोनची वाट कशाला बघता, आत्ताच चढा. पिन टाकली, लाइट हिरवी लागली, म्हणून ती आत गेली. आता बघतो तर पिन अर्धीच गेलीय, मधीच मोडली. ब्रेकपण लागलेला नाय. चाक कशाने थांबलंय तेच कळत नाय, काकू. वारा तर..." लोखंड घासल्याचा आवाज आला. "तिच्या पट्ट्याचा हूक आत अडकलाय, मी कापतोय. ती बोलते, पात्याच्या पोकळीतून तुमचा आवाज येतोय. ती बोलते, आईला सांग, थांबू नको."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. पंचवीस."

"काप," भावना म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

लेकरू आळीत उभं होतं. दोन वाक्यांवर उंबरा होता. ते घरात आलं की चाक सुटणार.

"हूं," पंख्यातून आलं. पुढे सांग.

"लेकरू आळीत आलं," भावना म्हणाली. तिने खाकरून आवाज सरळ केला. "पण आळीत घरं फार. लेकराला घर ओळखू येईना."

हुंकार यायला क्षणभर उशीर झाला. ही ओळ कहाणीत नव्हती.

"हूं."

"पहिल्या घरासमोर गेलं. तिथं एक बाई पापड वाळत घालत होती. म्हणाली, तुझी आई कशी दिसते सांग, मग घर दाखवते."

आणि ती सांगत गेली. आई कशी दिसते ते सांगितलं. आईचं लग्न कसं झालं, उल्हासनगरच्या चाळीत नळावर किती नंबर लागायचे, शेजारची सिंधी मावशी साईभाजी कशी आणून द्यायची. लेकरू झालं तेव्हा दवाखान्यात सगळ्यांनी तोंडं कशी पाडली आणि गोदूबाईंनी मात्र जिवतीचा कागद आणून खाटेच्या डोक्याशी कसा लावला. "मुलगी झाली म्हणून जिवती परत जात नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. लेकराने पहिल्यांदा प्लगमध्ये बोट घातलं ते. मिक्सर खोलून परत न जोडता ठेवला ते. एकेका घरासमोर लेकरू थांबत होतं, एकेक गोष्ट सांगत होतं आणि आळी लांबत चालली होती.

"हूं."

हुंकार आता पंख्यातून येत नव्हता. ओट्याखालून आला. मग सिलिंडरच्या मागून. मग पाठीशी, दाराच्या बाजूने, उंबऱ्यापाशी. तिने मान वळवली नाही. समईच्या ज्योतीकडे बघत राहिली. मूठ एवढी घट्ट होती की तांदळाचे दाणे तळहातात रुतत होते.

"हूं," अगदी मागे. त्यात घाई होती.

"घाई नको," भावना म्हणाली. स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. हा आवाज तेजलच्या लहानपणी ताटावर बसवताना निघायचा. "ऐकायला बसलास ना? मग नीट बस. हातात धरलंयस ते घट्ट धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

खोलीत काहीच हललं नाही. मग, जरा खालच्या पट्टीत:

"हूं."

७

किती वेळ झाला तिला कळत नव्हतं. घसा सुकला होता. लेकरू एकविसाव्या घरासमोर उभं होतं आणि भावनाजवळ सांगण्यासारखं संपत आलं होतं.

"आई."

तेजलचा आवाज. दमलेला, थोडा घोगरा, हुबेहूब.

"आई, आले मी खाली. सुटले. पुरे आता, सुफळ कर."

भावनाचे डोळे भरून आले. "आलीस गं बाय," ती म्हणाली. ओठांवर शेवटचं वाक्य आलंच होतं, आणि लेकरू...

तिची नजर फोनवर गेली. तो तिने ठेवला होता तसाच पालथा होता. वाजला नव्हता. थरथरला नव्हता. तिने तो उलटा केला. काळा. निर्जीव.

"आई," उंबऱ्यातून पुन्हा. "येऊ ना घरात?"

आणि मग भावनाला जे वाटलं ते भय नव्हतं. भय होतं, पण ते खाली कुठेतरी होतं. वर होता तो राग, शांत, स्वच्छ. माझ्या लेकीच्या तोंडाने बोलतो.

"माझी लेक बोलली असती तर फोन वाजला असता," ती म्हणाली. "तुझं नाव मी घेतलेलं नाही. चुकून दाणा तुझ्या हातात पडला, ती माझी चूक, मी ती निस्तरीन. पण उंबऱ्याच्या आत तू येणार नाहीस. बाविसावं घर. ऐक."

समोर समईचं पितळ घासूनपुसून लख्ख होतं. त्याच्या गोल पोटात मागचं दार वाकडंतिकडं दिसत होतं. दारात कुणी नव्हतं असं म्हणता आलं असतं. फक्त उंबऱ्याच्या पलीकडे, जमिनीपासून वीतभर उंच, एक हात पुढे आलेला दिसला, मूठ मिटलेली, बोटांच्या फटींतून पिवळे दाणे. कहाणी ऐकताना धरतात तसे. पहिल्या शुक्रवारपासून कुणी त्याला ते खाली ठेव म्हणून सांगितलं नव्हतं.

तिने पापण्या मिटल्या नाहीत. हात कोपरापासून मागे कुठे जातो ते मात्र बघितलं नाही.

"बाविसाव्या घरात," ती म्हणाली, "एक म्हातारी होती."

"हूं."

फोन थरथरला. प्रकाश पडला. व्हिडिओ कॉल. तेजलचं तोंड, गालावर ओरखडा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे लाल चिखल आणि करण डोकं धरून बसलेला.

"आई! खाली आहे मी. बघ, जमीन." तिने फोन खाली फिरवून बूट दाखवले, चिखलात रुतलेले. "सगळे खाली आहोत. आई? ऐकतेस ना?"

भावनाने मान हलवली. बोलली नाही, कारण बोलली असती तर कहाणीत मिसळलं असतं.

"आता संपवायचं तर संपव," तेजल हलक्या आवाजात म्हणाली.

भावनाने हातातल्या अक्षतांकडे बघितलं. शेवटचं वाक्य तयार होतं. ते म्हटलं की चाक सुटणार, आणि लेकरू उंबरा ओलांडून घरात येणार. कहाणीत तसंच होतं. दोन शुक्रवार तिने स्वतःच्या तोंडाने ते म्हटलं होतं आणि रांगोळी आत आत पुसली गेली होती.

तिने दाणे सोडले नाहीत. अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ मारली आणि उठली.

"उरलेली मग," ती दाराकडे न बघता म्हणाली. "मला सवड होईल तेव्हा."

८

दोन नंबर त्या दिवसापासून उभा आहे.

येणारे-जाणारे बघतात. बारवीकडे पिकनिकला जाणारी पोरं गाडी थांबवून विचारतात, वारा एवढा सुटलाय, दोन फिरतायत, मधला का नाही? टपरीवाला म्हणतो, गियर गेला. अनीश सर म्हणतात, पार्ट बाहेरून यायचाय. दोन इंजिनिअर येऊन गेले, ब्रेक मोकळा आहे, तेल आहे, सगळं ठीक आहे, असं लिहून गेले. किर्ती म्हणते, भ्रष्टाचार.

हबमध्ये मात्र कुणी गेलेलं नाही. तेजलने हबच्या दाराला स्वतःचं लाल कुलूप घातलंय, वर पाटीवर नाव: तेजल राजेंद्र. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, हा कंपनीचाच नियम. तिला दुसरा मेमो आला, तो तिने पहिल्यासोबत फाईलमध्ये लावला. "काढणार नाही," म्हणाली. "लिहून देते पाहिजे तर."

घरातला एक्झॉस्टही फिरत नाही. राजेंद्रने नवा आणला, तो बसवला त्या क्षणी उभा राहिला. आता फोडणीचा धूर खिडकीने जातो. राजेंद्र त्याच्याकडे बघत नाही आणि त्यावर बोलतही नाही, पण रोज सकाळी कामावर जाण्याआधी भावनाने काढलेली रांगोळी नीट बघून मग ओलांडतो. ती अजून पुसलेली नाही.

श्रावण सरला. भावना दर शुक्रवारी पाटावर बसते. एक घर, फार तर दोन घरं. परवा लेकरू एकतिसाव्या दारात होतं. आळी अजून लांब आहे, तिला भरपूर माणसं आठवतात. कधीतरी आपली माणसं संपतील, कधीतरी आपण संपू, हे तिच्या मनात येतं. मग ती पदराची गाठ चाचपते आणि म्हणते, तेव्हाचं तेव्हा. तेजल हल्ली शुक्रवारी उशिरा निघते. दारात बूट घालता घालता ऐकत असते. परवा मधेच म्हणाली, "आई, एकतिसाव्या घरात आपल्या आयटीआयच्या कांबळे मॅडमना टाक." भावनाने टाकलं.

आज सकाळी तेजल तीन नंबरवर चढायला निघाली.

"येते गं."

"ये. तेजल राजेंद्र, ये," भावना म्हणाली आणि दाणा सोडला. दार लागल्यावर तिने कढईत तेल ओतलं, वर, उभ्या पात्यांकडे बघितलं. खिडकीबाहेर वारा पिसाटला होता.

"धरलंयस ना?" तिने विचारलं.

"हूं."